संशयित औषध व परिचारिकेचें कर्तव्य
(अभ्यासाचा पाठ)



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतून पुष्कळ मुली परिचारिकेचें शिक्षण घेऊन जिल्ह्याच्या व शहराच्या इस्पितळांत कामास लागल्या आहेत. कित्येक घरांची चूल त्यांच्या पगारावर पेटते. अशी एखादी मुलगी सणाला घरीं येते आणि रात्रीं भांडीं आवरल्यावर आईजवळ हळूच सांगते, "आई, आमच्या वॉर्डांतल्या एका औषधाचा मला संशय येतो. तें दिलें कीं माणूस सुधारण्याऐवजीं खालावतो. पण बोलूं कशी? डॉक्टरसाहेब रागावतील, नोकरी जाईल." आई बापाला सांगते, बाप उपदेशकाला विचारतो, आणि बहुतेक वेळां उत्तर मिळतें तें एकच: "बाई, आपण लहान माणसें. मोठ्यांच्या कामांत तोंड घालूं नये."

हें उत्तर बरोबर आहे काय, याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. तें उत्तर चुकीचें आहे, आणि त्यानें माणसें मरतात. संशय योग्य जागीं व योग्य रीतीनें कळविणें हा परिचारिकेच्या कामाचाच एक भाग आहे. ती बोलली असतां तिच्या पाठीशीं उभें राहणें हा घरच्यांच्या व मंडळीच्या कामाचा भाग आहे.

१. धोका कोठून येतो

औषधापासून होणारा धोका चार वाटांनीं येतो, व चारही वाटा निरनिराळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली वाट अशी कीं, औषधच वाईट असतें. त्यांत भेसळ असते, तें बनावट असतें, मुदत संपलेलें असतें, किंवा थंड जागीं ठेवावयाचें तें उन्हांत पडून बिघडलेलें असतें. दुसरी वाट अशी कीं, औषध चांगलें पण लिहिण्यांत चूक असते. इन्शुलिनचे १० युनिट लिहितांना युनिटाबद्दल घातलेलें इंग्रजी 'यू' अक्षर घाईंत शून्यासारखें दिसतें, आणि दहाचे शंभर होतात. तिसरी वाट आपल्याच हाताची. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकीं भलतीच उचलली जाते. चौथी वाट अशी कीं, औषध चांगलें, मात्रा बरोबर, देणारा हातही बरोबर, पण ह्याच रोग्याला तें सोसत नाहीं. अंगावर चट्टे उठतात, श्वास कोंडतो.

पहिल्या तीन वाटांत कोणाची तरी चूक किंवा लबाडी असूं शकते. चौथींत कोणाचाच दोष नसतो. परंतु रोग्याच्या खाटेशीं उभ्या असलेल्या परिचारिकेला प्रथम एवढेंच दिसतें कीं, कांहीं तरी बिनसलें आहे. दोष कोणाचा हें ठरविणें तिचें काम नव्हे. बिनसलें आहे हें सांगणें मात्र तिचें काम आहे.

२. एका विषाची गोष्ट

अमेरिकेंत सल्फानिलामाइड नांवाचें औषध गोळीच्या व भुकटीच्या रूपानें मिळत असे. १९३७ सालीं एका कंपनीनें तें पातळ करून विकावयास काढलें. तें विरघळविण्यासाठीं तिनें डायएथिलीन ग्लायकोल नांवाचा गोड द्रव वापरला. औषधाची चव, रंग व वास तपासण्यांत आले. तें विषारी आहे कीं काय, हें कोणीच तपासलें नाहीं. त्या औषधानें शंभरांहून अधिक माणसें मेलीं, व त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं.

आतां ह्या गोष्टींतील दुसरा भाग नीट ध्यानांत घ्यावा. ओक्लाहोमा प्रांतांतील टल्सा गांवच्या डॉक्टरांना संशय आला, आणि त्यांनीं तो आपल्या वैद्यकीय संघाला कळविला. तेथून सरकारला खबर गेली, व सरकारचे निरीक्षक दुकानोदुकान व घरोघर बाटल्या शोधीत फिरले. तयार झालेल्या २४० गॅलन औषधापैकीं २३४ गॅलनांहून थोडें अधिक परत मिळालें. जेवढी माणसें मेलीं तीं राहिलेल्या सहा गॅलनांहून कमी औषधानें मेलीं. परत आलेल्या औषधानें किती मेलीं असतीं, याचा हिशेब ज्यानें त्यानें मनांत करावा. विक्रीपूर्वीं औषध निर्धोक असल्याचें दाखवावें, असें बंधन त्या वेळच्या अमेरिकन कायद्यांत नव्हतें. ह्या अनर्थानंतर १९३८ सालीं तें घालण्यांत आलें.

तेंच विष आमच्या दारीं आलें तें १९८६ सालीं. मुंबईच्या जे. जे. इस्पितळांत त्या वर्षीं जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत, औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळें १४ रोगी दगावले. त्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकोल होतें. पुढें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली, तेव्हां औषधाच्या खरेदींतील व तपासणींतील लाजिरवाणा कारभार उघडकीस आला. एवढ्यावरही गोष्ट संपली नाहीं. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक मुलें गेलीं. त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं आमच्या नागपुरास आणलें होतें. त्या औषधांतही हेंच विष सांपडलें.

हें पुन्हां पुन्हां कां होतें? शुद्ध ग्लिसरीन व त्याच्या जातीचे औषधी द्रव महाग असतात, आणि हें विष स्वस्त असतें. तेंही पाण्यासारखें स्वच्छ, घट्टसर व गोड असतें, म्हणून डोळ्यांनीं किंवा जिभेनें भेद कळत नाहीं. भेद कळतो तो रोग्याच्या शरीरांत. प्रथम ओकारी व पोटदुखी होते, मग लघवी कमी होते, पुढें ती बंद पडते, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन माणूस जातो.

आतां विचार करा. वॉर्डांत लघवी कोण मोजतें? डॉक्टर दिवसांतून एकदोनदां फेरीला येतात. तक्ता परिचारिकेच्या हातांत असतो. एकाच रोग्याची लघवी थांबली तर तें त्याच्या आजाराचें लक्षण वाटेल. पण तीन खाटांवर तीन निराळ्या आजारांचीं माणसें असून तिघांचीही लघवी थांबली, आणि तिघांमध्यें सारखी गोष्ट एकच, ती म्हणजे एक बाटली, तर हें सर्वांत आधीं कोणाच्या नजरेस येईल? तीच जर म्हणाली, "मी लहान माणूस," तर मग पाहणारा दुसरा कोण?

३. आज्ञा व कर्तव्य

कोणी म्हणेल, परिचारिकेला आज्ञाधारकपणा शिकवितात. खरें आहे, आणि तो गुण आम्हीं कमी लेखीत नाहीं. पण तिला दुसरेंही कांहीं शिकवितात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या नांवानें ओळखली जाणारी शपथ १८९३ सालीं अमेरिकेंतील डिट्रॉइट शहरीं तयार झाली, व आमच्याकडील मुलीही दीप हातीं घेऊन ती शपथ घेत आल्या आहेत. तिच्यांत डॉक्टरांच्या कामाला निष्ठेनें साह्य करण्याचें वचन आहे. त्याच शपथेंत जाणूनबुजून कोणालाही अपायकारक औषध देणार नाहीं, असेंही वचन आहे. हीं दोन वचनें बहुधा एका वाटेनें चालतात. ज्या दिवशीं त्यांची वाट फुटते, त्या दिवशीं कोणतें धरावें?

परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९५३ सालीं नीतिनियम स्वीकारले व पुढें ते वेळोवेळीं सुधारले. आजच्या नियमांत उत्तर स्पष्ट आहे: परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाशीं असते. डॉक्टर, मेट्रन व संस्था हीं सर्व त्याच माणसासाठीं आहेत. म्हणून संशय बोलून दाखविणें ही डॉक्टरांशीं बेइमानी नव्हे. ज्या डॉक्टराची चूक सुई टोचण्याआधीं लक्षांत आणून दिली, त्याच्यावर उपकारच झाले. उलट, "त्यांनीं लिहिलें म्हणून मीं दिलें" हें म्हणणें मनाला पुरत नाहीं, आणि चौकशींतही ज्याला त्याला आपापल्या हातच्या कामाविषयीं विचारतात.

४. काय करावें

पहिलें, थांबावें. संशय असतां औषध देऊं नये. उशीर झाला तर कारण सांगतां येतें. शरीरांत गेलेलें औषध परत काढतां येत नाहीं. तें आधींच दिलें गेलें असेल, तर प्रथम रोग्याकडे पाहावें व डॉक्टरांना तत्काळ बोलवावें.

दुसरें, विचारावें. विचारतांना दोष देऊं नये, वस्तुस्थिति पुढें ठेवावी. "तुम्हीं चूक लिहिलें" असें न म्हणतां, "डॉक्टरसाहेब, सात नंबरच्या मुलाचें वजन बारा किलो आहे. येथें पांच लिहिले आहेत कीं पंधरा, मला नीट वाचतां येत नाहीं," असें म्हणावें. फोनवरून हुकूम आला तर तो लिहून घेऊन पुन्हां वाचून दाखवावा. समाधान झालें नाहीं, तर तें औषध आपल्या हातानें देतां येत नाहीं असें नम्रपणें सांगून सिस्टरला व मेट्रनला कळवावें.

तिसरें, राखून ठेवावें. बाटली, कुपी, तिचें खोकें, उरलेलें औषध, यांतील कांहींही फेंकूं नये. बॅच नंबर, बनविणाराचें नांव व मुदतीची तारीख टिपून, वस्तु वेगळी बांधून, जबाबदार माणसाच्या कुलपांत ठेवावी. त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्या कोणी वापरूं नये म्हणून सर्व पाळ्यांना सांगावें. पुराव्यावांचून खरी तक्रारही हवेंत विरते.

चौथें, लिहावें. केस-पेपरावर वेळ घालून, जें पाहिलें तेवढेंच लिहावें. "औषधांत विष असावें" असें लिहूं नये. "सकाळीं १० वाजतां १० मिली दिलें, दुपारीं २ वाजतां दोनदां ओकारी, संध्याकाळीं ६ पर्यंत लघवी नाहीं, डॉक्टरांना ६ वाजून १० मिनिटांनीं कळविलें" असें लिहावें. लिहिलेलें मागाहून खोडूं नये, व दुसऱ्याच्या सांगण्यावरून बदलूं नये.

पांचवें, कळवावें. इस्पितळाची ठरलेली रीति असेल तर प्रथम ती धरावी. तेथें दाद लागली नाहीं, तर बाहेरचीं दारें आहेत. तीं पुढें सांगतों. मात्र रोग्याचें नांव किंवा छायाचित्र मोबाइलवर चार जणांना पाठविणें, अथवा बाजारांत बोभाटा करणें, हें कळविणें नव्हे. त्यानें रोग्याची गुप्तता मोडते, आणि खरें बोलणारीच दोषी ठरते.

चूक आपल्याच हातून झाली असेल तरीही हाच क्रम. किंबहुना तेथें क्षणाचाही विलंब नको, कारण कोणतें औषध गेलें हें डॉक्टरांना कळलें तरच उतारा करतां येतो.

५. कायद्यानें उघडीं ठेवलेलीं दारें

आमच्या देशांत औषधांविषयीं मुख्य कायदा १९४० सालचा आहे. त्यांत भेसळीचें औषध व बनावट औषध यांची व्याख्या दिली आहे. २००८ सालच्या दुरुस्तीनें शिक्षा कडक झाली. अशा औषधानें मृत्यु किंवा भारी दुखापत झाल्यास गुन्हेगाराला दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद व किमान दहा लक्ष रुपये दंड होऊं शकतो. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमानें, कोणाही माणसाला आपण विकत घेतलेलें औषध ठरलेली फी भरून सरकारी तपासनिसाकडून तपासून घेतां येतें व त्याचा सहीचा अहवाल मिळवितां येतो. हा हक्क शेतकऱ्यालाही आहे. महाराष्ट्रांत औषध-निरीक्षक अन्न व औषध प्रशासन ह्या खात्याकडे असतात. वाईट औषधाची तक्रार तेथें करावी.

औषध न सोसल्याची किंवा त्यानें अपाय झाल्याची खबर देण्यासाठीं भारत सरकारची निराळी योजना २०१० सालीं सुरू झाली. तिचें मुख्य ठिकाण गाझियाबाद येथें भारतीय औषधसंहिता आयोगांत आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता, इतकेंच नव्हे तर स्वतः रोगीही तेथें खबर देऊं शकतो. १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर फोनाला पैसे पडत नाहींत. रोग्याच्या नांवाचीं आद्याक्षरें व वय, काय अपाय झाला, कोणत्या औषधाचा संशय आहे, आणि कळविणारा कोण, एवढें मुख्यतः लागतें. पुरावा हातीं असलाच पाहिजे असें नाहीं. प्रामाणिक संशय पुरे. नांवें गुप्त राहतात, व खबर दिली म्हणजे कोणी गुन्हा कबूल केला असा अर्थ होत नाहीं. परिचारिकेनें येथें कळविलेंच पाहिजे अशी कायद्याची सक्ति ह्या योजनेंत नाहीं. म्हणूनच तिच्या विवेकावर भार अधिक येतो.

६. भीति खरी आहे

बोलल्यानें कांहींच सोसावें लागत नाहीं, असें आम्ही खोटें सांगणार नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत कर्मिट नांवाच्या लहानशा गांवीं दोन अनुभवी परिचारिकांनीं २००९ सालीं, आपल्या इस्पितळांतील एका डॉक्टराच्या धोकादायक उपचारांविषयीं प्रांताच्या वैद्यकीय मंडळाला निनांवी पत्र पाठविलें. तो डॉक्टर आपल्या मित्राकडे, म्हणजे तेथील शेरीफाकडे, गेला. शेरीफानें पत्र कोणी लिहिलें तें शोधून काढलें. दोघींच्या नोकऱ्या गेल्या, आणि दोघींवर फौजदारी खटला भरला. एकीवरील आरोप सुनावणीपूर्वींच काढून घेतला. दुसरीचा खटला फेब्रुवारी २०१० मध्यें चालला, व पंचांनीं सुमारें तासाभरांत तिला निर्दोष ठरविलें. पुढें दोघींना मिळून साडेसात लक्ष डॉलर भरपाई मिळाली, आणि शेरीफ व डॉक्टर ह्या दोघांनाही शिक्षा झाली. त्या दोघी एकट्या पडल्या नाहींत, कारण परिचारिकांच्या संघांनीं त्यांच्यासाठीं वर्गणी गोळा केली व त्यांची बाजू उघडपणें घेतली.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. टेनेसी प्रांतांत २०१७ सालीं एका परिचारिकेनें शांत करणाऱ्या औषधाऐवजीं स्नायू लुळे पाडणारें औषध दिलें, आणि रोगी बाई वारली. परिचारिकेनें आपली चूक लपविली नाहीं. तरी २०२२ सालीं न्यायालयांत ती दोषी ठरली. तिला तुरुंगांत न धाडतां तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवलें. चूक कबूल केली तर तुरुंग दिसेल, अशी भीति त्यामुळें अनेकींच्या मनांत बसली. आमच्या देशांत सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं असा भेद केला आहे कीं, वैद्यकीय कामांतील साधी चूक निराळी व घोर हयगय निराळी, आणि फौजदारी गुन्हा होतो तो दुसरीचा. तरीही भीति राहतेच. पण लपविलेली चूक दुसऱ्या वॉर्डांत पुन्हां होते, आणि लपविणारीच्या मनाला आयुष्यभर स्वस्थता लाभत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

शेवटीं उपदेशकांस व घरच्या वडिलांस एक विनंति. तुमची लेक सणाला घरीं येऊन असें कांहीं सांगेल, तेव्हां "गप्प राहा" म्हणूं नका, आणि "जा, भांड" असेंही म्हणूं नका. तिला जवळ बसवून विचारा: तूं काय पाहिलेंस? कोणत्या दिवशीं? लिहून ठेवलेंस काय? बाटली कोठें आहे? कोणाला सांगितलेंस? पत्र लिहावयाचें तर तिच्यासोबत बसून तें वाचा. पगार थांबला तर चार महिने मंडळींतून धान्य कसें पुरवावें, तें आधींच बोलून ठेवा. पाठीशीं कोणी आहे हें जिला ठाऊक असतें, तिच्या हातून बाटली योग्य वेळीं खालीं ठेवली जाते.

विचारासाठीं प्रश्न

१. औषधापासून होणारा धोका कोणत्या चार वाटांनीं येतो? प्रत्येकीचें एक उदाहरण द्या.
२. १९३७ सालीं बहुतेक बाटल्या परत कशा मिळाल्या?
३. ह्या विषाचें कोणतें लक्षण परिचारिकेच्या नजरेस प्रथम येतें, व कां?
४. संशयित बाटली फेंकून दिल्यानें कोणतें नुकसान होतें?
५. तुमच्या गांवांत खोकल्याच्या औषधानें मूल आजारी पडलें व त्याची लघवी थांबली, तर तुम्ही प्रथम काय कराल, कोणती वस्तु जपून ठेवाल, व कोठें कळवाल?
६. सत्य बोलल्यामुळें तुमच्या मंडळींतील एखादीची नोकरी गेली, तर मंडळी काय करील? हा प्रश्न येत्या सभेंत घ्यावा.